बीट अंमलदाराला मोहल्ला कसा शिकवावा

पोलीस खात्यात बत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ नव्या बीट अंमलदारांना, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतला एक ठरावीक भाग (बीट) सांभाळणाऱ्या पोलिसांना, शिकवण्यात. पोलीस ठाण्याचा कारभार पहिल्यांदाच हाती घेतलेल्या अधिकाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

सुरुवात भिवंडीपासून करा. १९८४च्या दंगलीत होरपळलेल्या त्या गावात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८पासून मोहल्ला कमिट्या बांधल्या. १९९२-९३मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. कमिटीत पुढारी नव्हेत, तर साधी हिंदू-मुसलमान माणसं एकत्र बसत होती आणि हे सगळं तणाव नसतानाच्या दिवसांत उभं राहिलं होतं, एवढं पोरांच्या मनावर ठसवा.

वर्गात दोन दिवस पुरे. तिसऱ्या दिवशी मोटारसायकलची चावी काढून घ्या आणि बीट पायी फिरायला लावा. परत आल्यावर हाताने नकाशा काढून घ्या: नळावरची रांग, रेशन दुकान, रात्रपाळी सुटण्याची वेळ. एकाने फार सुबक नकाशा आणला होता, सगळ्या पानटपऱ्यांसकट. मी विचारलं, "या गल्लीतल्या बायका संध्याकाळी कुठे बसतात?" तो गप्प. दुसऱ्या दिवशी महिला शिपायाबरोबर पाठवला. तेव्हा नकाशात पिठाच्या गिरणीमागचा बंद दिवा आला, आणि तो टाळायला क्लासच्या मुली ज्या लांबच्या वाटेने जातात ती वाटही.

मग ऐकण्याचा सराव. एकाने तक्रारदार व्हायचं, दुसऱ्याने अंमलदार. पहिली पाच मिनिटं पेन उचलायचं नाही. नंतर समोरच्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत परत सांगायचं. प्रत्येकाला एकदा तक्रारदार करून टेबलासमोर नुसतं उभं ठेवा, कोणी "बसा" म्हणायचं नाही. दोन मिनिटांत चुळबुळ सुरू होते. ती त्यांना आयुष्यभर आठवते.

आणि स्पष्ट बजावा: ओळखीपाळखी वाढल्या म्हणून "आपसात मिटवा" म्हणायचं नाही. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय करू शकतात असा, असेल तर नोंदवायचाच. मारहाण झालेल्या बाईला कमिटीपुढे समजुतीसाठी बसवणं मला कधीच पटलं नाही.

आता मोजमाप. बैठकांचे आकडे आणि फोटो बाजूला ठेवा. एका ठाण्याच्या रजिस्टरमध्ये बारा महिने एकच ओळ होती: "बैठक झाली, चहापान झाले." त्याऐवजी काम सुरू करण्याआधी चाळीस घरांत विचारा: बीट अंमलदाराचं नाव काय? रात्री अडचण आली तर त्याला फोन कराल का? मागच्या वेळी सांगितलेल्या गोष्टीचं काय झालं? विचारणारा त्या ठाण्याचा नको, गणवेशात तर मुळीच नको. फेरी दुपारचीही ठेवा, म्हणजे बायका मोकळेपणाने बोलतात. हेच प्रश्न शेजारच्या, काम सुरू न झालेल्या बीटमध्येही विचारा आणि सहा महिन्यांनी दोन्हीकडे पुन्हा जा.

तक्रारी वाढल्या तर लगेच अंमलदाराला धारेवर धरू नका. घरगुती छळाच्या, छेडछाडीच्या तक्रारी आधी दबलेल्या असतात; विश्वास बसला की त्या ठाण्यापर्यंत येतात. घरफोड्या आणि हाणामाऱ्या वेगळ्या मोजा, नाहीतर चांगलं काम करणाऱ्यावरच ठपका येतो.

बदली झाली की जुन्याने नव्याला आठ दिवस बरोबर घेऊन दारोदार ओळख करून द्यावी आणि बीटच्या नोंदींची वहीही सोपवावी. महिन्याभराने त्याच चाळीस घरांत नव्या अंमलदाराचं नाव विचारा.