बॅटरीच्या पट्टीचा बोल्ट हरवला किंवा तुटला, तर नेमका तसाच कसा शोधावा

बॅटरी जागेवर घट्ट धरून ठेवणारी पट्टी सोडवताना बोल्ट हातातून निसटून इंजिनाच्या सांदीत जातो, नाहीतर आम्लाने इतका खाल्लेला असतो की पाना लावताच तुटतो. मग अनेकजण तार नाहीतर रबरी पट्टा बांधून मोकळे होतात. कृपा करून तसं करू नका. साध्या मोटारीची बॅटरी 10 ते 15 किलोची असते. खड्ड्यांत ती उसळत राहिली तर आतल्या प्लेटा सैल होतात, आणि पॉझिटिव्ह टर्मिनल बोनेटच्या पत्र्याला टेकलं तर ठिणगी उडून आग लागू शकते.

पडलेला बोल्ट आधी शोधाच. इंजिनाखालच्या प्लास्टिकच्या आवरणावर तो बऱ्याचदा सापडतो. काठीला लोहचुंबक बांधून फिरवा.

नाही सापडला तर पट्टी कोणत्या प्रकारची आहे ते पाहा. काही गाड्यांत बॅटरीवरून आडवी पट्टी जाते आणि तिला खाली आकड्यासारख्या वाकवलेल्या लांब सळ्या धरून ठेवतात. अशी सळी गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानातूनच, जुनी दाखवून घ्या. दुसऱ्या प्रकारात बॅटरीच्या बुडाशी छोटा ठोकळा असतो आणि तो एकाच बोल्टने आवळलेला असतो. हा बोल्ट नट-बोल्टच्या चांगल्या दुकानात मिळू शकतो, पण माप चोख हवं.

खरी फसगत इथेच होते. आपल्याकडे दुकानात अजून सुताची मापं चालतात. अडीच सूत म्हणजे 5/16 इंच, म्हणजेच 7.94 मिलिमीटर. 8 मिलिमीटरच्या बोल्टशेजारी ठेवला तर डोळ्यांना फरक कळत नाही. आटे मात्र वेगळे असतात. 8 च्या नटात तो दोन फेरे जातो, अडतो, आणि जोर लावला की बॅटरीखालच्या ट्रेमधल्या नटाचे आटे कायमचे बिघडतात. म्हणून जाडी मोजून थांबू नका. मोजपट्टी धरून दहा आट्यांचं अंतर मोजा: नेहमीच्या 8 मिलिमीटरच्या बोल्टला ते 12.5 मिलिमीटर भरतं, अडीच सुताला साधारण 14. 6 मिलिमीटरच्या बोल्टला बरोबर 10 मिलिमीटर भरतं. 10 नंबरचा पाना लागत असेल तर बोल्ट बहुधा 6 चा, 12 किंवा 13 चा लागत असेल तर 8 चा. लांबी डोक्याच्या खालून मोजायची.

तुटका तुकडा किंवा दुसऱ्या बाजूचा जोडीदार बोल्ट दुकानात सोबत न्या. पुण्यात नाना पेठ, मुंबईत नागदेवी स्ट्रीट या कामासाठी उत्तम. डोक्यावर 8.8 हा मजबुतीचा आकडा कोरलेला, झिंक चढवलेला बोल्ट मागा आणि सोबत स्प्रिंग वॉशर घ्या. तिथेच त्याच मापाच्या नटात तो बोटांनी फिरवून पाहा.

बसवण्याआधी निगेटिव्ह केबल काढा. पांढरी-हिरवी बुरशी असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. आट्यांना थोडं ग्रीस लावा. पहिले तीन-चार फेरे पाना न लावता हातानेच द्या. अडला तर बाहेर काढून पुन्हा सरळ धरा. दोन सळ्या असतील तर आलटून पालटून थोडं थोडं आवळा. बॅटरी हाताने हलवून हलली नाही की बास. त्यापुढे आवळलं तर तिचं प्लास्टिक तडकतं. निगेटिव्ह केबल जोडा, आणि आठवड्याभराने एकदा पाना लावून बोल्ट सैल झालाय का बघा.