बँकेत निवड झाली, पण सिबिलचं काय? रुजू होण्याआधी क्रेडिट अहवाल कसा नीट करावा

अडीच वर्षं अभ्यासिकेत बसून एक मुलगा बँकेच्या क्लार्कची परीक्षा पास झाला. घरी पेढे वाटून झाले. कागदपत्र पडताळणीला दोन आठवडे उरले असताना तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा पार उतरलेला होता. क्रेडिट अहवालात, म्हणजे आपण कोणती कर्जं घेतली आणि कशी फेडली याच्या नोंदीत, त्याच्या नावावर ३,२०० रुपयांची थकबाकी दिसत होती. कॉलेजात असताना दिवाळीत हप्त्यावर फोन घेतलेला. ज्या खात्यातून हप्ता कापला जायचा ते खातं शिक्षण संपल्यावर त्याने रिकामं सोडून दिलं, आणि शेवटचे दोन हप्ते परत गेले. दंड चढत गेला. फोन केव्हाच फुटून भंगारात गेला होता, पण कर्जाची नोंद जिवंत होती.

मी आयुष्यभर बँकेच्या कर्ज विभागात काम केलं, आता आमच्या गावातल्या मुलांना परीक्षेनंतरच्या कागदपत्रांसाठी मदत करतो. गणित, इंग्रजी, चालू घडामोडी यांची तयारी ही पोरं जीव तोडून करतात, आणि या एका कागदाकडे मात्र निकाल लागेपर्यंत कुणी बघत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी जाहिरात वाचा, तीही शेवटपर्यंत

पात्रता, वय, फी एवढंच वाचून आपण अर्ज भरतो. क्रेडिटची अट असते ती मागच्या पानांवर, सर्वसाधारण सूचनांमध्ये. सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या मधल्या एका भरतीत किमान ६५० सिबिल स्कोअरचा, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणाऱ्या गुणांचा, उल्लेख आला होता आणि मुलांची झोप उडाली होती. आयबीपीएसची नेहमीची भाषा थोडी सैल आहे: रुजू होताना क्रेडिट इतिहास चांगला हवा, किमान स्कोअर त्या त्या बँकेच्या धोरणाप्रमाणे. म्हणजे आकडा बँकेगणिक वेगळा असू शकतो. स्टेट बँकेच्या जाहिरातींत अट आकड्याची नसून वागणुकीची असते. कर्ज किंवा क्रेडिट कार्डाचे पैसे थकवल्याची नोंद असेल, किंवा सिबिलसारख्या संस्थेचा प्रतिकूल अहवाल असेल, तर नेमणुकीला अपात्र.

वाचताना एका गोष्टीवर पेन्सिलीने खूण करा, ती म्हणजे तारीख. थकबाकी नेमकी कोणत्या दिवसापर्यंत फेडलेली हवी? काही ठिकाणी रुजू होण्याचा दिवस असतो, काही ठिकाणी नेमणूकपत्र निघण्याचा. हा फरक बारीक वाटतो, पण त्यावरून नोकरी गेलेली आहे. स्टेट बँकेत अधिकारीपदासाठी निवडल्या गेलेल्या एका उमेदवाराची नेमणूक २०२१ मध्ये प्रतिकूल सिबिल अहवालामुळे रद्द झाली. कर्जं फेडून टाकली आहेत, असं त्याचं म्हणणं होतं. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बँकेचा निर्णय कायम ठेवला. लोकांचा पैसा हाताळणाऱ्याच्या आर्थिक शिस्तीबद्दल बँक काटेकोर राहू शकते, आणि अट नुसती परतफेडीची नसून थकबाकीच्या डागाशिवाय कर्ज फेडण्याची आहे, असा त्या निकालाचा रोख होता. मला व्यक्तिशः हे कठोर वाटतं. बावीस-तेवीस वर्षांच्या, अजून पहिला पगारही न मिळालेल्या मुलाची आर्थिक शिस्त आपण कशावरून तोलतो आहोत? पण नियम आहे तो आहे, आणि तो धरूनच तयारी करावी लागते.

चारही अहवाल काढा

'सिबिल' हे आपल्याकडे स्कोअरचंच नाव झालंय. प्रत्यक्षात कर्जांच्या नोंदी ठेवून स्कोअर देणाऱ्या चार क्रेडिट कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येकीने तुम्हाला वर्षातून एकदा स्कोअरसह संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. संकेतस्थळावर पैसे भरायच्या योजना ठळक दिसतात आणि फुकट अहवालाची जागा शोधावी लागते. शोधा, ती असतेच. चारही काढा, कारण चुकीची नोंद एकीकडे असते आणि दुसरीकडे नसते.

स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. ही भीती इतकी पसरली आहे की मुलं अहवाल बघायलाच घाबरतात. स्कोअरवर परिणाम होतो तो तुम्ही कर्जासाठी अर्ज केल्यावर बँकेने चौकशी केली तर.

स्कोअर बाजूला ठेवा, खात्यांची यादी वाचा

३०० ते ९०० मधला तो मोठा आकडा पाहून मुलं एकतर खुश होतात किंवा रडकुंडीला येतात. अडचण जिथे निघते ती जागा खाली असते, एकेका खात्याच्या नोंदीत. ७४० स्कोअर असलेल्या मुलाच्या अहवालात एखादं 'रिटन ऑफ' खातं मी पाहिलंय, आणि ६६० वाल्याचा अहवाल स्वच्छ पाहिलाय.

प्रत्येक खात्याखाली महिन्यांची एक जाळी असते, मागच्या ३६ महिन्यांची. तिच्यात हप्ता किती दिवस उशिरा भरला ते लिहिलेलं असतं. ००० म्हणजे वेळेवर. ०३० म्हणजे तीस दिवस उशीर. त्या महिन्याची माहितीच बँकेने पाठवली नसेल तर आकड्याच्या जागी इंग्रजी 'एक्स' तीनदा छापलेलं असतं, त्याने घाबरू नका. त्यानंतर खात्याची स्थिती पाहा. 'क्लोज्ड' असेल आणि शिल्लक शून्य असेल तर उत्तम. 'रिटन ऑफ' म्हणजे बँकेने ते कर्ज बुडीत धरलं. 'सेटल्ड' म्हणजे तडजोड झाली, पूर्ण पैसे आले नाहीत.

आता 'हे माझं नाहीच' असं वाटणारी खाती. त्यातली बरीचशी तुमचीच असतात. शैक्षणिक कर्ज वडिलांनी काढलं असं घरात म्हणत असले तरी विद्यार्थी त्यात कर्जदार असतो. मित्राच्या गाडीला जामीन राहिलात तर ती गाडी तुमच्या अहवालात येऊन उभी राहते. मोबाइल अ‍ॅपवरून घेतलेले दोन-चार हजार, 'आता घ्या, नंतर द्या' वाल्या खरेद्या, हीही कर्जंच आहेत. २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या सूचनांपासून अशा कर्जांची माहिती, रक्कम आणि मुदत कितीही लहान असो, क्रेडिट कंपन्यांना कळवावीच लागते.

शेतकरी घरातली मुलं हमखास विचारतात: वडिलांचं सोसायटीचं पीककर्ज थकलंय, माझं सिबिल खराब होईल का? नाही. तुम्ही स्वतः कर्जदार, सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल तर वडिलांची थकबाकी तुमच्या अहवालात येत नाही. फक्त सातबारा तुमच्या नावावर झालेला असेल आणि कर्जाच्या कागदावर तुमचीही सही असेल, तर एकदा विचारून खात्री करा.

आणि ज्याने कधी कर्जच घेतलेलं नाही त्याचं काय? त्याच्या अहवालात इतिहास नाही एवढंच दिसतं. ती थकबाकी नव्हे. स्कोअर तयार व्हावा म्हणून घाईघाईने क्रेडिट कार्ड काढू नका, कृपा करा. मी मुलांना हे अक्षरशः हात जोडून सांगतो.

चूक असेल तर तक्रार, आणि लगेच

एकाच नावाची, जवळपास एकाच जन्मतारखेची दोन माणसं महाराष्ट्रात कमी नाहीत. पॅनचा एक आकडा चुकला की दुसऱ्याचं ट्रॅक्टरचं कर्ज तुमच्या नावावर दिसू शकतं. अशा वेळी त्या क्रेडिट कंपनीच्या संकेतस्थळावर त्या खात्याविरुद्ध तक्रार नोंदवा आणि त्याच दिवशी संबंधित बँकेला किंवा वित्त कंपनीला ईमेल करा. दोन्हीकडे का? क्रेडिट कंपनी स्वतःहून नोंद बदलत नाही, कर्ज देणाऱ्याला विचारूनच बदलते. तुमचा ईमेल तिकडे आधीच पोचलेला असेल तर काम हलतं.

तक्रार ३० दिवसांत निकाली काढायची असते. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. २०२२ पासून क्रेडिट कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत, तक्रार फुकट आणि ऑनलाइन करता येते, आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

'सिबिल साफ करून देतो' म्हणणारे दलाल मात्र टाळा. जी नोंद खरी आहे ती कुणीही पुसू शकत नाही, आणि जी खोटी आहे ती तुम्ही स्वतः फुकट दुरुस्त करू शकता.

थकबाकी खरीच असेल तर

इथे सर्वात जास्त मुलं फसतात. वसुलीवाल्याचा फोन येतो: आठ हजार आहेत, तीन हजार भरा, मिटवून टाकू. स्वस्तात सुटल्यासारखं वाटतं. पण मग अहवालात 'सेटल्ड' लागतं, आणि नोकरी देणारी बँक त्याचा अर्थ 'पूर्ण फेडलं नाही' असाच घेते. बँकेच्या नोकरीवर डोळा असेल तर तडजोड नको. पूर्ण रक्कम भरा. दंड आणि व्याजाबद्दल जरूर वाद घाला, लेखी हिशेब मागा, पण शेवटी खातं पूर्ण फेडून बंद झाल्याचं पत्र हवं. आधीच तडजोड झाली असेल तर सोडून दिलेली रक्कम भरून नोंद 'क्लोज्ड' करून मिळेल का, हे लेखी विचारा. पुष्कळ ठिकाणी करून देतात.

पैसे वसुली एजंटाच्या खासगी खात्यावर किंवा त्याच्या फोनच्या क्यूआर कोडवर कधीच भरू नका. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या अधिकृत खात्यावरच भरा आणि पावती घ्या.

त्या फोनवाल्या मुलाचे नऊ दिवस इथेच गेले. त्याचं कर्ज मूळ वित्त कंपनीने दुसऱ्या कंपनीला विकून टाकलं होतं. जुनी म्हणे आमच्याकडे काही नाही, नवी म्हणे तुमचा कर्ज क्रमांक सापडत नाही. कर्ज विकलं गेलं असेल तर पैसे आणि दाखला दोन्ही नव्या मालकाकडे, हे लक्षात ठेवा. जुन्या कंपनीकडून कर्ज कुणाला, कोणत्या तारखेला दिलं याचं पत्र मागा.

वापरात नसलेलं क्रेडिट कार्ड असेल, तर बाकी शून्य करून बंद करण्याची विनंती लेखी द्या. बाकी नसलेलं कार्ड कंपनीने सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायचं असतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड तिलाच. वार्षिक शुल्काचे पाचशे रुपये वाढत जाऊन झालेली थकबाकी मी अनेकदा पाहिली आहे.

जानेवारी २०२५ पासून बँकांनी निदान दर पंधरवड्याला क्रेडिट कंपन्यांना माहिती पाठवायची असते. तरी पैसे भरल्यापासून अहवालात फरक दिसेपर्यंत महिना धरून चाला. म्हणून हे सगळं मुख्य परीक्षा संपली त्याच आठवड्यात सुरू करा, निकालाची वाट पाहू नका.

पडताळणीच्या दिवशी

अहवाल अद्ययावत झाला नसेल तर थकबाकी नसल्याचा दाखला चालतो, तशी तरतूद जाहिरातीत बहुधा असते. दाखल्यावर कर्ज क्रमांक, पॅनवर आहे तसंच नाव, 'येणे बाकी काही नाही' हे स्पष्ट वाक्य, तारीख, सही-शिक्का असायला हवा. सोबत भरण्याची पावती आणि ताजा अहवाल जोडा. फॉर्मवर थकबाकीबद्दल विचारलं असेल तर खरं लिहा. जुनी थकबाकी समजावून सांगता येते, पण लपवलेली सापडली तर नेमणूक वाचवणं फार अवघड. आमचा मुलगा असाच दाखला घेऊन गेला आणि रुजू झाला.

खासगी कंपनीने सिबिल मागितलं तर

वित्त कंपन्या, विमा, आयटीतली बँकांची कामं, इथे पार्श्वभूमी तपासणीत क्रेडिट अहवालही येतो. २००५ च्या क्रेडिट माहिती कंपन्यांच्या कायद्यानुसार हा अहवाल ठरावीक संस्थांनाच मिळतो. नोकरी देणारी सामान्य कंपनी त्या यादीत नाही, म्हणून ती तो तुमच्याकडूनच मागते किंवा तुमच्या ओटीपीवर मिळवते. ओटीपी देण्याआधी संमतीचा मजकूर वाचा. या पदाला पैशाचा संबंध काय, अहवालात काय पाहणार, तो कोण जपून ठेवणार, हे ईमेलवर विचारा. ऑफर लेटर हातात येण्याआधी अहवाल देऊ नका. लॉगिन आणि पासवर्ड तर कुणालाच नाही.

अमेरिकेत नोकरी शोधणाऱ्या आपल्या मुलांना याबाबतीत जास्त संरक्षण आहे. तिथल्या १९७० च्या कायद्याप्रमाणे कंपनीला वेगळ्या कागदावर कळवून लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि अहवालामुळे नाकारायचं असेल तर आधी त्याची प्रत द्यावी लागते. कॅलिफोर्निया, इलिनॉय, वॉशिंग्टन अशा राज्यांनी बहुतेक नोकऱ्यांसाठी ही तपासणीच मर्यादित केली आहे. आपल्याकडेही नाकारण्याआधी अहवाल दाखवून खुलासा मागण्याची सक्ती हवी, असं मला मनापासून वाटतं.

तरीही नेमणूक रद्द झाली तर

कोणत्या खात्यामुळे, जाहिरातीच्या कोणत्या कलमाखाली, हे लेखी विचारा. नोंद चुकीची असेल तर दुरुस्तीचा पुरावा जोडून फेरविचाराचा अर्ज करा आणि पोच घ्या. सरकारी बँक असेल तर तिच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. आपलं उच्च न्यायालय मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर इथे बसतं. मद्रासचा निकाल पाहता नोंद खरी असलेल्यांचा रस्ता कठीण आहे, पण नोंद खोटी असेल तर अवश्य लढा, आणि उशीर करू नका. वकिलाकडे जाताना जाहिरातीची पूर्ण प्रत, चारही अहवाल, तक्रारींचे क्रमांक आणि रद्द केल्याचं पत्र न्या. ते पत्र पोस्टाने आलं असेल तर पाकीटही जपून ठेवा, कारण ते तुमच्या हातात कधी पडलं हे दाखवायला त्यावरचा शिक्का लागतो.