शिष्यवृत्तीचं काम पाहणाऱ्या शिक्षकाला हात कसा द्यावा?

महाराष्ट्रातल्या बऱ्याच कनिष्ठ महाविद्यालयांत पूर्णवेळ समुपदेशक नसतो. विज्ञानाचे किंवा मराठीचे सर आपले तास सांभाळून सीईटी (प्रवेश परीक्षा), कॅप फेऱ्या (शासनाची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) आणि महाडीबीटी (शिष्यवृत्तीच्या अर्जाचं सरकारी पोर्टल) हे सगळं मुलांना समजावतात. हे काम प्राचार्य, माजी विद्यार्थी आणि पालकांना वाटून घेता येतं.

सुरुवात वेळेपासून करा. प्राचार्यांनी आठवड्याला दोन तासिका वेळापत्रकातच लिहून द्याव्यात. 'मोकळ्या तासाला बघा' म्हटलं की तो तास गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर जातो. जोडीला संगणक, स्कॅनर आणि कपाटाची किल्ली द्या.

मग अकरावीचे प्रवेश आटोपताच प्रत्येक विद्यार्थ्याचं एक पान तयार करा: अधिवास, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता (तो दाखला समितीने पडताळल्याचं प्रमाणपत्र), नॉन-क्रिमी लेयर (उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला), रेशनकार्ड, बँक खातं. पानं माजी विद्यार्थ्यांनी भरावीत, सरांनी फक्त रिकामे रकाने पाहावेत. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि बँक पासबुक यांतलं नाव अक्षरशः जुळतं का, हेही तेव्हाच तपासा.

सर्वांत जास्त वेळ जात वैधतेला लागतो. अभियांत्रिकी, औषधनिर्माण अशा अभ्यासक्रमांत राखीव जागा हवी असेल, तर महाविद्यालयाच्या पत्रासह अर्ज जिल्हा पडताळणी समितीकडे अकरावीतच जावा. अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी असते. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची वैधता मिळाली तर काम बरंच सोपं होतं. नसेल तर जुने पुरावे शोधावे लागतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ यांपूर्वीचे. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गाव नमुना १४ मधली जन्म-मृत्यूची नोंद असे कागद यात येतात. काही नोंदी मोडी लिपीत असतात, म्हणून लिप्यंतर करून देणारा जाणकार आधीच गाठून ठेवा. इथे पालकांचा खरा उपयोग होतो, कारण वंशावळ त्यांनाच ठाऊक असते.

पात्रतेचा तक्ता भिंतीवर लावा. अनुसूचित जातींच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेला ८ लाख, आणि लाभ एका कुटुंबातल्या दोनच मुलांना. ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) यांतल्या ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आकडे दरवर्षी शासन निर्णयाशी पडताळून घ्या. तक्त्याखाली ठळक लिहा: व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था पातळीवर घेतलेल्या प्रवेशाला हे लाभ मिळत नाहीत. कॅपच्या शेवटच्या फेरीपर्यंत न थांबता घाईने जागा घेणारे इथेच फसतात.

पैसे अडकतात ते बहुधा बँकेत. अर्जात कोणतंही खातं लिहिलं तरी रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या बँकेत जाते. मधल्या काळात कुणी दुसरं खातं उघडून तिथे आधार दिला असेल, तर ती तिकडे जमा होते आणि घरचे जुनं पासबुक भरून आणत राहतात. म्हणून आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली दिसते ते पाहा, आणि व्यवहाराअभावी निष्क्रिय झालेलं खातं अर्जाआधी चालू करून घ्या.

अर्ज विद्यार्थ्याच्याच मोबाइल नंबरावरून भरावा. नेट कॅफेवाल्याचा नंबर आणि त्यानेच ठेवलेला पासवर्ड असला, की पुढच्या वर्षी नूतनीकरण अडतं. अर्ज सादर झाल्यावर तो जिथे प्रवेश घेतला त्या महाविद्यालयाच्या लिपिकाकडे पडताळणीला जातो, आणि तिथे पडून राहिला तर मुदत निघून जाते. म्हणून दर पंधरा दिवसांनी स्थिती पाहणं एखाद्या माजी विद्यार्थ्याकडे सोपवा. त्रुटी काढून अर्ज परत आला, तर त्याने त्याच दिवशी मुलाला फोन करावा.