घशात उतरणारा कफ: या चुका टाळा

दर वाक्याआधी खाकरणारा माणूस मला लांबूनच ओळखू येतो. कित्येक वर्षं मीही तेच करत होतो. नाकाच्या मागून घशात उतरणाऱ्या या शेंबडाला पोस्ट नेझल ड्रिप म्हणतात. तो उतरणं हा काही आजार नव्हे. धडधाकट माणसाच्या नाकातही दिवसाला जवळपास एक लिटर स्राव तयार होतो आणि आपण तो नकळत गिळत असतो. तो वाढला, घट्ट झाला किंवा घसाच हुळहुळा झाला, की जाणवायला लागतो. यामागे ॲलर्जी, सर्दी, सायनस, नाकातला वाकडा पडदा असं काहीही असू शकतं. पण लोकांना कारण नको असतं, आज रात्रीपुरता इलाज हवा असतो.

आणि तो मिळतो, म्हणूनच पहिली चूक होते: नाक मोकळं करणारे थेंब. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन घातलं, की नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि पाच मिनिटांत श्वास खुला होतो. असर उतरला की आतलं अस्तर पुन्हा सुजतं. तीन दिवस ठीक आहे, फार तर पाच. त्यापुढे नाक चोंदतं ते थेंबांमुळेच, आणि आपण त्यावर पुन्हा थेंबच घालतो. मी हे आठ महिने केलं. एक बाटली उशीखाली, एक खिशात, एक कामाच्या टेबलाच्या खणात. एकदा बाटली घरी राहिली म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरलो, तरीही मला व्यसन वगैरे नाही असंच वाटत होतं! कान-नाक-घसा तज्ज्ञांनी नाकात टॉर्च मारला आणि विचारलं, "थेंब किती दिवस चाललेत?" मी म्हणालो, "अधूनमधून घेतो." ते नुसते हसले. मग त्यांच्या सल्ल्याने एका नाकपुडीतले थेंब आधी बंद केले आणि ती मोकळा श्वास घ्यायला लागल्यावर दुसरीतले. सोबत स्टेरॉईडचा स्प्रे होता. पहिला आठवडा धड झोप नाही. गंमत म्हणजे, ज्यासाठी थेंब सुरू केले तो घशातला कफ या आठ महिन्यांत तसूभरही कमी झाला नव्हता.

तो स्प्रेही लोक दोन दिवसांत फेकून देतात. "काही फरक नाही हो." कसा पडेल? फ्लुटिकासोन, मोमेटासोन हे स्प्रे सूज हळूहळू उतरवतात. रोज न चुकता मारले तरी पूर्ण गुण यायला दोन आठवडे लागू शकतात. शिवाय मारतातही चुकीचे: डोकं मागे, नळी मधल्या पडद्याकडे आणि वरून नाकाने जोरात ओढणं. औषध थेट घशात जातं आणि पडद्यातून रक्त येतं. माझी सवय अशी: मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्याने उजवीत. म्हणजे नळीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेला जातं. जोरात ओढायचं नाही.

मिठाच्या पाण्याने नाक धुणं मला मनापासून आवडतं, फक्त नळाचं पाणी तसंच वापरू नका. नेग्लेरिया फाऊलेरी हा अमिबा पाणी पिऊन बाधत नाही, पण नाकातून मेंदूपर्यंत पोचू शकतो. असं फार क्वचित होतं, पण झालं तर माणूस सहसा वाचत नाही. पाणी उकळून कोमट करा. 240 मिलीला अर्धा लहान चमचा आयोडीन नसलेलं मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. नुसतं पाणी झोंबतं.

शेंबूड हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक? नको. तो रंग आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा असतो, साध्या विषाणूच्या सर्दीतही येतो. दुधाने कफ वाढत नाही, तोंडात लाळ दाट लागते इतकंच.

छातीत जळजळ नसली तरी पोटातलं आम्ल घशापर्यंत येऊन अगदी असाच त्रास देऊ शकतं. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल, तर कोरडा खोकला त्याचाही असतो. गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

एकाच नाकपुडीतून दुर्गंधी किंवा रक्त, वाकल्यावर एकाच बाजूने पाण्यासारखी धार, डोळ्याभोवती सूज, तीन आठवड्यांवर बसलेला आवाज, यांतलं काही असेल तर घरगुती प्रयोग पुरे. डोळा सुजला असेल तर त्याच दिवशी दाखवा.

राहिलं खाकरणं. प्रत्येक खाकरीने स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, घसा आणखी चिडतो आणि पुन्हा खाकरावंसं वाटतं. उबळ आली की मी पाण्याचा घोट घेतो, पाणी नसेल तर नुसता आवंढा गिळतो. सुरुवातीला बाटली हातातून सुटत नव्हती. बायको म्हणाली, "एक बाटली सुटली, तर आता ही धरलीत!"