क्लेअरच्या जुन्या कॉन्सर्टिना-चाली कशा जपाव्यात

क्लेअर हा आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा परगणा. कॉन्सर्टिना तिथे घराघरांत, विशेषतः बायकांच्या हातात वाजत आली. आपल्या पेटीची ही लांबची बहीण. भाता आणि रीड दोघींकडे आहेत, पण ही सहा कोनांची, दोन तळव्यांमध्ये मावणारी, आणि बटणं दोन्ही टोकांना. आयरिश वादक वापरतात त्या अँग्लो प्रकारात एकच बटण भाता दाबताना एक सूर देतं आणि ओढताना दुसरा. जपण्याचं सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरतं.

कारण चाली कागदावर पुष्कळ आहेत. शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील यांनी १९०३ मध्येच १८५० चालींचा संग्रह छापला. त्यात नाही तो गावातल्या आजींचा हात. तो टिपायचा आहे.

आधी कान तयार करा

डब्लिनला आयरिश ट्रॅडिशनल म्युझिक आर्काइव्ह ही संस्था १९८७ पासून जुनं वादन जपण्याचं हेच काम करते. क्लेअरमधल्याच किलरशच्या एलिझाबेथ क्रॉटी (१८८५–१९६०) आणि बेलहार्बरचे ख्रिस ड्रोनी यांचं वादन मिळवून ऐका. मिसेस क्रॉटी किलरशच्या चौकात पब चालवायच्या. रेडिओवाले किअरन मॅकमाहुना १९५० च्या दशकात ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन क्लेअरमध्ये गावोगाव फिरले, म्हणून मिसेस क्रॉटींचं वादन आज ऐकायला मिळतं. शक्य असेल तर जुलैत मिलटाउन मालबेला जा. तिथली पारंपरिक संगीताची विली क्लॅन्सी समर स्कूल १९७३ पासून भरते, आणि कोणाच्या घरी अजून वाद्य वाजतं हे तिथे सहज कळतं.

पहिल्या भेटीत नुसता चहा

रेकॉर्डर पिशवीतच राहू द्या. गप्पा मारा, ऐका, पुन्हा येण्याची परवानगी मागा. पाहुण्यासमोर ऐंशीच्या पुढचा हात अवघडतो. दुसऱ्या खेपेला तोच हात सैल सुटतो.

दुसऱ्या भेटीत ध्वनिमुद्रण

स्वयंपाकघरात बसणार असाल तर विचारून फ्रिज बंद करा, आणि निघताना आठवणीने चालू करा. माईक टेबलावर ठेवू नका, पायाचा ठेका टेबलातून माईकमध्ये उतरतो. स्टँडवर, साधारण एक मीटरवर, वाद्याच्या बरोबर मध्यासमोर ठेवा. सूर दोन्ही टोकांतून बाहेर पडतात, माईक एका बाजूला झुकला की दुसरा हात दबतो. फाइल वेव्ह स्वरूपात घ्या, एमपी-थ्री नको.

कॅमेऱ्याने मात्र दोन्ही हात आणि भाता दिसलेच पाहिजेत. चेहरा राहिला तरी चालेल. का, ते बघा. सी-जी वाद्यावर (बटणांची एक रांग सी पट्टीची, दुसरी जी पट्टीची) मधला डी हा सूर भाता ओढताना सी रांगेत उजव्या हाताला मिळतो, आणि तोच डी भाता दाबताना जी रांगेत डाव्या हाताला. ध्वनिफीत ऐकून आजींनी कोणता घेतला ते खात्रीने सांगता येत नाही. पण चालीचा श्वास त्यावरच ठरतो. जुनी मंडळी बहुधा एकाच रांगेत वाजवायची, त्यामुळे भाता सारखा उलटत राहतो आणि नाचाला लागणारा झटका आपोआप येतो. आजचे बरेच वादक दोन-तीन रांगांतून बोटं फिरवून तीच चाल गुळगुळीत करतात. दोन्ही सुंदरच, पण हरवत चालली आहे ती पहिली.

रील किंवा जिग या नाचाच्या चालींचे बहुधा आठ-आठ मात्राखंडांचे दोन भाग असतात आणि प्रत्येक भाग दोनदा वाजतो. संपूर्ण चाल सलग तीन वेळा वाजवून घ्या, म्हणजे दर खेपेला कुठे बदल होतो ते कळेल. "जरा हळू वाजवा" असं म्हणू नका. हळू केलं की बोटं वेगळी चालतात. वेग नंतर संगणकावर कमी करता येतो. वाद्य जुनं असेल तर पट्टी थोडी वर-खाली असेल, ती राहू द्या, फाइलमध्ये "दुरुस्त" करू नका.

प्रश्न विचारा, रेकॉर्डर चालूच ठेवा

ही चाल कुणाकडून आली? कुठल्या नाचाला वाजायची? १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना लागू लागला आणि बडगा घरगुती नाचांवरही उगारला गेला. त्याआधीच्या रात्रींबद्दल आईवडील काय सांगायचे? चालीचं नाव आठवत नसेल तर "गन आनिम" असं लिहा, म्हणजे बिननावाची. स्वतः नाव ठेवू नका.

त्याच रात्री नोंद

फाइलच्या नावात तारीख, गाव, वादक आणि चाल हवी. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरात ठेवा. चाल एबीसी लिपीत लिहून काढा. ही साध्या अक्षरांची स्वरलिपी आहे, फोनवरही लिहिता येते. प्रत्येक सुराखाली भाता दाबला की ओढला याची खूण करा. वेळ खाणारं काम आहे, पण टाळू नका.

परवानगी लेखी घ्या: कुणी ऐकावं, इंटरनेटवर टाकावं का, संस्थेला द्यावं का. पहिली प्रत कुटुंबाला द्या, संस्थेकडे त्यानंतर.

मग ती चाल शिका

त्यांच्याच भात्याने, त्यांच्याच रांगेत. बसली की परत जा आणि त्यांना वाजवून दाखवा. त्या ऐकतील, मान हलवतील, "नाही, इथे असं नाही" म्हणत वाद्य हातात घेतील. तेवढ्यात रेकॉर्डर चालू करा.