केबल बंद करून फ्री डिश आणि इंटरनेटवर टीव्ही कसा पाहावा

केबलच्या बिलात दोन गोष्टी असतात: वाहिन्यांची किंमत आणि नेटवर्क कपॅसिटी फी, म्हणजे वाहिन्या घरापर्यंत पोचवण्याचे शुल्क. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी लागतो. ही फी सह्याद्रीसारख्या मोफत वाहिन्यांसाठीही द्यावी लागते. त्याच वाहिन्या दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशवर कोणत्याही मासिक शुल्काशिवाय दिसतात. ही सेवा डिसेंबर २००४ पासून चालू आहे. त्यावर जे मिळत नाही ते इंटरनेटवरून घ्यायचे. मात्र नवी जोडणी नीट चालेपर्यंत केबल काढू नका.

आधी यादी करा

गेल्या पंधरा दिवसांत घरात कोणी काय पाहिले ते कागदावर लिहा. सह्याद्री, डीडी नॅशनल, डीडी न्यूज, डीडी स्पोर्ट्स, हिंदी बातम्या आणि जुने सिनेमे एवढ्यावर भागत असेल तर फ्री डिश पुरते. फ्री डिशवरच्या खाजगी वाहिन्या लिलावातून येतात आणि दर १ एप्रिलला यादी बदलू शकते. त्यामुळे एखाद्याच खाजगी वाहिनीसाठी डिश बसवू नये.

इंटरनेटच्या ॲप्सपैकी झी मराठीच्या मालिका झी५ वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर मिळतात. राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून ठरवलेले क्रिकेट सामने २००७ च्या कायद्यामुळे दूरदर्शनला मिळतात. आयपीएल त्यात येत नाही, त्यासाठी जिओहॉटस्टार लागेल. वर्गणी घेताना 'मोबाइल' प्लॅन टाळा. तो स्वस्त असतो, पण टीव्हीवर चालत नाही, आणि बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात.

गच्चीवरचा जुना काड्यांचा अँटेना आता उपयोगाचा नाही. दूरदर्शनने जुनी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रे जवळजवळ सगळी बंद केली आहेत.

सामान

६० सेंमीची डिश, युनिव्हर्सल एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावर बसणारा, सिग्नल पकडणारा भाग), एमपेग-४ (चित्र पाठवण्याची नवी पद्धत) सेट-टॉप बॉक्स, तांब्याच्या तारेची आरजी-६ केबल (डिशसाठीची जाड गोल केबल), दोन एफ कनेक्टर (केबलच्या टोकांना लावायचे), भिंतीचे फास्टनर, एचडीएमआय केबल. जुन्या पद्धतीचा एमपेग-२ बॉक्स स्वस्त मिळतो, पण त्यावर काही वाहिन्या दिसतच नाहीत. टीव्हीतच उपग्रहाचा सिग्नल घेणारा डीव्हीबी-एस२ ट्यूनर असेल तर बॉक्सशिवायही भागते, म्हणून आधी टीव्हीची माहितीपुस्तिका पाहा. दोन टीव्ही असतील तर स्प्लिटर न लावता दोन आउटपुटचा एलएनबी घ्या.

डिश बसवणे

उपग्रह जीसॅट-१५ आहे, ९३.५ अंश पूर्वेला. महाराष्ट्रातून तो आग्नेयेला दिसतो. उत्तरेकडून मोजल्यास मुंबई-पुण्यात दिशा सुमारे १३१ अंश, नागपुरात १४४, पणजीत १२७. क्षितिजापासून उंचीचा कोन सगळीकडे ५७ ते ६१ अंशांच्या दरम्यान. मोबाइलचे होकायंत्र लोखंडी रेलिंगजवळ चुकते, म्हणून चार पावले लांब उभे राहून दिशा पाहा.

समोर अडथळा आहे का, याचा हिशेब सोपा आहे. आग्नेयेची भिंत जितक्या अंतरावर आहे त्याच्या दीडपटीपेक्षा ती डिशहून उंच नसावी. १० फुटांवर भिंत असेल तर १५ फुटांपर्यंत चालते. गॅलरीत लावताना खरी अडचण वरच्या मजल्याच्या स्लॅबची असते, त्यामुळे डिश कठड्याबाहेर न्यावी लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचे काम: डिश ज्यावर बसते तो खांब अगदी उभा हवा. पाणसळ (स्पिरिट लेव्हल) दोन बाजूंनी लावून तपासा. खांब तिरका असेल तर डिश डावी-उजवीकडे फिरवताना उंचीही बदलत जाते आणि तासभर झटूनही सिग्नल सापडत नाही.

डिश ऑफसेट प्रकारची, म्हणजे एलएनबी मध्याऐवजी खालच्या बाजूला असलेली, असल्यामुळे ती आकाशाकडे जेवढी बघायला हवी त्यापेक्षा बरीच उभी दिसते. तिला डोळ्यांनी ५८ अंशांवर झुकवू नका, मागच्या पट्टीवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवा.

मग एलएनबी. डिशच्या मागे आकाशाकडे तोंड करून उभे राहा आणि एलएनबी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. मुंबई-पुण्यात साधारण ४५ अंश, नागपुरात ३३. पुष्कळ फिटर तो सरळच ठेवतात. चित्र येते, पण पावसाळ्यात पहिल्या सरीला जाते.

बॉक्सच्या मेनूत एलएनबी ०९७५०/१०६००, फ्रिक्वेन्सी ११०९०, सिम्बॉल रेट २९५००, व्हर्टिकल असे भरा. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात: स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. केबल जोडली की स्ट्रेंग्थ लगेच चढते. तिचा अर्थ फक्त एलएनबीला वीज मिळतेय एवढाच. लक्ष क्वालिटीवर ठेवा. डिश एका वेळी केसभर डावी-उजवीकडे फिरवा, दोन सेकंद थांबा, पट्टी पाहा. क्वालिटी सर्वाधिक आली की उंची, मग एलएनबीचा कोन त्याच पद्धतीने जुळवा आणि नट आळीपाळीने घट्ट करा. एकच नट एकदम आवळला तर डिश सरकते. क्वालिटी आहे, पण वाहिन्या भलत्याच दिसतात? मग तुम्ही शेजारच्या उपग्रहावर आहात. डिश टीव्ही या सशुल्क सेवेचा उपग्रह ९५ अंशांवर, म्हणजे अगदी जवळ आहे.

कनेक्टर एलएनबीला लावण्याआधी केबल त्याच्या खाली लोंबेल असा वळसा द्या, म्हणजे पावसाचे पाणी तिथूनच गळून जाईल. कनेक्टरवर वॉटरप्रूफ टेप गुंडाळा. पावसाळ्यातल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ आत शिरलेले पाणी असते. मुसळधार पावसात चित्र काही मिनिटे जाणे मात्र स्वाभाविक आहे, कारण या लहरी पावसात शोषल्या जातात.

इंटरनेटची बाजू

एका टीव्हीच्या एचडी चित्रासाठी ५ एमबीपीएस पुरतात, पण घरातले फोनही त्याच लाइनवर असतात. ३० ते ४० एमबीपीएसची फायबर लाइन घ्या. एचडीला तासाला सुमारे ३ जीबी लागतात, त्यामुळे रोज २ जीबीच्या मोबाइल प्लॅनवर हा खेळ जमत नाही. टीव्ही जुना असेल तर एचडीएमआय स्टिक (टीव्हीला लावून ॲप्स चालवणारे छोटे उपकरण) लावा, पण तिला वीज टीव्हीच्या यूएसबीतून न देता तिच्या स्वतःच्या ॲडॅप्टरने द्या. टीव्हीची यूएसबी कमी करंट देते आणि स्टिक मध्येच बंद पडते. राउटर पलीकडच्या खोलीत असेल तर लॅन केबल ओढून घ्या.

रिमोट

लोक केबलकडे परत जातात ते बहुतेक वेळा सिग्नलमुळे नाही, तर आजीला मालिका लावता येत नाही म्हणून. टीव्हीच्या मेनूत एचडीएमआय-सीईसी ही सोय चालू करा, म्हणजे स्टिकसाठी टीव्हीचाच रिमोट चालतो. घरात लागणारी तीन-चार ॲप्स पहिल्या रांगेत आणा, बाकीची काढून टाका. कोणता इनपुट कशासाठी आहे ते मोठ्या अक्षरात लिहून टीव्हीशेजारी चिकटवा. आणि आजींकडून स्वतःच्या हाताने चार-पाच वेळा लावून घ्या. तुम्ही लावून दाखवणे पुरेसे नाही.

केबल बंद करणे

दोन आठवडे दोन्ही जोडण्या सोबत चालवा. मग केबलवाल्याला विचारा: इंटरनेटही त्याच्याकडूनच येत असेल, तर केबल काढल्यावर इंटरनेट चालू राहील ना? उत्तर लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर चालेल. बॉक्स भाड्याचा असेल तर त्यावरचा क्रमांक टिपून परत करा, पावती आणि अनामत रक्कम मागा. भिंतीतली जुनी केबल आरजी-६ असेल तरच डिशसाठी वापरा, आणि तिचे बाहेरचे टोक केबलवाल्याच्या लाइनपासून सोडवल्याशिवाय बॉक्सला जोडू नका.