तापमान बदललं की प्रेशर का पडतं: आधी हिशेब, मग पाना

इंजिन तापलं की ऑइलचं प्रेशर उतरतं, आणि टायरमधली हवा गार पडली की हवेचं. दोन्हीकडे काटा खालीच येतो, पण कारणं पूर्ण वेगळी. म्हणून पंप उघडण्याआधी किंवा पंक्चर शोधायला बसण्याआधी तापमानाचा वाटा किती ते काढा.

हवेचा हिशेब सोपा. बंद जागेतल्या हवेचं प्रेशर केल्विन तापमानाच्या प्रमाणात बदलतं. गोची एवढीच की गेज बाहेरच्या हवेचा दाब वगळून आकडा दाखवतो. तेव्हा गेजच्या आकड्यात आधी १४.७ पीएसआय (दाबाचं एकक) मिळवा (समुद्रसपाटीचा दाब), सेल्सिअसमध्ये २७३ मिळवा आणि मग गुणाकार करा. ३५ अंशांना ३३ पीएसआय भरलेला टायर १५ अंशांवर आला, तर ४७.७ × २८८ ÷ ३०८ = ४४.६, त्यातून १४.७ वजा केले की उरले जेमतेम ३०. तीन पीएसआय उतरले, तरी गळती काहीच नाही. कारच्या टायरला दर १० अंशांमागे दीड पीएसआय धरलं की भागतं. १०० पीएसआयच्या ट्रकच्या टायरला तेच पावणेचारच्या आसपास जातं. हवा तपासायची ती गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर. पळून आलेल्या टायरमधून 'जास्तीची' हवा सोडली, तर गार झाल्यावर तो कमी भरतो.

कॉम्प्रेसरच्या टाकीचंही हेच. पंपातून हवा तापूनच येते. ६० अंशांवर ८ बार (१ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय) दाखवणारी टाकी ३० अंशांना गार झाली की काटा ७.२ वर येतो. गळती तपासायची तर टाकी भरा, मोटर बंद करा, आउटलेटचा कॉक बंद करा आणि टाकी हाताला गार लागेपर्यंत थांबा. मग काट्यावर खूण करा आणि तासाभराने बघा. अजूनही उतरत असेल तर सांध्यांवर, ड्रेन कॉकवर, सेफ्टी व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावा. मोटर बंद असताना प्रेशर स्विचपाशी सतत सुस्स आवाज येत असेल, तर बहुतेक वेळा स्विच निर्दोष असतो. टाकीच्या तोंडाशी असलेला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) हवा मागे सोडत असतो.

ऑइलचं गणित वेगळं. पंप फक्त ऑइल ढकलतो. बेअरिंगच्या बारीक फटीतून ते सहज निसटत नाही म्हणून प्रेशर तयार होतं. १५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑइल ४० अंशांना साधारण १०० ते ११० सेंटिस्टोक (ऑइलच्या दाटपणाचं माप) असतं आणि १०० अंशांना १४-१५, म्हणजे सातपट पातळ. तेव्हा गरम इंजिनात प्रेशर पडणारच. थंड इंजिनात काटा वर दिसतो तो बहुधा रिलीफ व्हॉल्व्हची (जादा प्रेशर सोडून देणाऱ्या झडपेची) मर्यादा दाखवतो. बेअरिंगच्या तब्येतीबद्दल त्यातून काही कळत नाही.

तपासणी गरम इंजिनावरच करायची. आधी डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) पातळी बघा आणि वास घ्या. इंधनाचा वास आला तर ऑइल पातळ झालंय, ते बदलूनच पुढे जा. मग ऑइल प्रेशर स्विच काढून तिथे मेकॅनिकल गेज लावा. आटे जुळत नसतील तर जोर लावू नका, अॅल्युमिनियमचं हाउसिंग तडकतं. गाडी १५-२० मिनिटं चालवा, कारण इंजिनच्या पाण्याच्या तापमानाचा काटा जागेवर आला तरी ऑइल अजून पुरतं तापलेलं नसतं. आता आयडलिंगला, २००० आणि ३००० आरपीएमला आकडा लिहून घ्या आणि मॅन्युअलशी ताडून पाहा. मॅन्युअल हाताशी नसेल तर १००० आरपीएममागे १० पीएसआय हा जुना ठोकताळा. डॅशबोर्डचा दिवा विझलेला आहे यावर विसंबू नका. बहुतेक स्विच ४ ते ७ पीएसआयच्या खाली गेल्यावरच दिवा लावतात.

आयडलिंगला कमी आणि रेस दिल्यावर नीट चढतं: बेअरिंग झिजलेत किंवा ऑइल पातळ आहे. थंड-गरम कशातही चढत नाही: रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकलाय किंवा पंप झिजलाय. आधी व्हॉल्व्ह बघा, काम कमी असतं. रेस धरून ठेवली की घसरतं: चेंबरमधली (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं तिथली) जाळी गाळाने तुंबलीये. वळणावर काटा नाचतो: पातळी कमी असून पंप हवा ओढतोय.

जाड ग्रेड टाकून काटा वर आणण्याचा मोह टाळा. झीज तशीच राहते, उलट थंड इंजिन सुरू करताना ऑइल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोचतं. काम झाल्यावर स्विच परत बसवा, मिनिटभर इंजिन चालवा आणि आट्यांपाशी बोट फिरवून ओल लागतेय का बघा.